एक्स्पोर्ट झालं, आवाज कुठे गेला?

बरेच दिवस ह्या विषयावर लिहीन लिहीन म्हणत होतो, पण दर शनिवारी काहीतरी मध्ये यायचं. आज ऑफिसचा लॅपटॉप बॅगेतून काढलाच नाही, म्हणून मुहूर्त लागला.

आयटीत नोकरी करणारा माणूस म्हणजे प्रिंटरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा, हा समज नागपुरात अजून ठणठणीत जिवंत आहे. त्यात मला ऑडिओ एडिटिंगची हौस आहे हे कळल्यापासून नातेवाईक, ऑफिसातले मित्र, मित्रांचे वडील, वडिलांचे भजनी मंडळातले मित्र असा गोतावळा वाढत गेलाय. कोणाचं भजन, कोणाचं भाषण, कोणाच्या आजीचा आवाज. तक्रार मात्र सगळ्यांची एकच. "एक्स्पोर्ट होऊन नाही राहिलं रे." किंवा, "एक्स्पोर्ट तर झालं, पण आवाज काऊन असा येऊन राहिला?"

ह्यातली पहिली तक्रार ऐकली की मी निश्चिंत होतो. दुसरी ऐकली की पोटात गोळा येतो.

कारण सांगतो. एक्स्पोर्ट "होत नाही" म्हणजे सॉफ्टवेअर बोंबलतंय. डिस्क भरली, लायब्ररी सापडत नाही, फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही, काहीतरी लाल चौकट दाखवून ते सांगतंय की बाबा, मला जमत नाही. हे चांगलं लक्षण. पाचदहा मिनिटांत प्रश्न सुटतो. पण एक्स्पोर्ट "झालं", हिरवी पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत गेली, फाइल दिसतेय, आणि आत भलतंच काहीतरी आहे, हा खरा घात. आमच्या धंद्यात ह्याला सायलेंट फेल्युअर म्हणतात. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये असं झालं तर रात्री अडीचला फोन येतो. आजीच्या आवाजाच्या बाबतीत असं झालं तर दहा वर्षांनी कळतं, आणि तेव्हा आजी नसते.

माझं स्पष्ट मत असं आहे की एक्स्पोर्टच्या बहुतेक अडचणी मुळात एक्स्पोर्टच्या नसतातच. त्या आधीच झालेल्या असतात, कधी रेकॉर्डिंगच्या वेळी तर कधी सेव्ह करताना. एक्स्पोर्ट ही फक्त ती जागा आहे जिथे सॉफ्टवेअर पहिल्यांदा तुमच्याकडे हिशेब मागतं.

आधी सेव्ह आणि एक्स्पोर्ट ह्यातला फरक, कारण सगळ्यात मोठं नुकसान मी इथेच होताना बघितलंय. ऑडॅसिटीचं उदाहरण घेतो, कारण फुकट असल्यामुळे आपल्याकडे सगळे तेच वापरतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग ह्यांनी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि २००० साली लोकांना दिलं. त्यात "सेव्ह प्रोजेक्ट" केलं की गाणं सेव्ह होत नाही, प्रोजेक्ट सेव्ह होतो. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे मार्च २०२१ पर्यंत, हा प्रोजेक्ट दोन तुकड्यांत असायचा. एक छोटीशी एयूपी फाइल, आणि तिच्या शेजारी त्याच नावाचं, पुढे "डेटा" लावलेलं एक फोल्डर. खरा आवाज त्या फोल्डरमध्ये, सहा-सहा सेकंदांचे तुकडे करून ठेवलेला. फाइलमध्ये फक्त यादी, कोणता तुकडा कुठे लावायचा त्याची. सत्यनारायणाच्या सामानाची चिठ्ठी आणि प्रत्यक्ष सामान ह्यांत जेवढा फरक, तेवढाच.

आमच्या नात्यातल्या एका मावशींनी मला एक पेनड्राइव्ह दिला होता. त्यांच्या सासूबाई वर्ध्याकडच्या. पहाटे जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या त्यांच्याकडून एकदा घरच्याच कोणीतरी म्हणवून घेतल्या, २०११ साली, लॅपटॉपला माइक लावून. मग प्रोजेक्ट सेव्ह केला, फाइल पेनड्राइव्हवर टाकली, पेनड्राइव्ह देवघरातल्या डब्यात. सासूबाई २०१४ मध्ये गेल्या. घरात लग्न निघालं तेव्हा कोणालातरी आठवण झाली की आजीच्या ओव्या आहेत की आपल्याकडे! मावशी म्हणाल्या, "बघ बेटा, याचं एक्स्पोर्ट का काय ते करून दे. कोणाच्याच कम्प्युटरवर होऊन नाही राहिलं."

पेनड्राइव्हवर एकच फाइल, ७८ केबीची.

ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, आत मजकूर असतो. मी ती वाचली. ट्रॅकचं नाव "आजी". लांबी ४१ मिनिटं १२ सेकंद. शेवटी आवाज हळूहळू उतरवलेला, तोही बिंदूंनिशी नोंदलेला. त्याखाली ४१६ तुकड्यांची यादी, आणि प्रत्येक तुकड्यापुढे तीन आकडे: त्या सहा सेकंदांतला आवाज कुठपर्यंत खाली गेला, कुठपर्यंत वर गेला, आणि सरासरी किती मोठा होता. म्हणजे आजी कुठे जोरात म्हणाल्या, कुठे थांबल्या, मध्ये कुठे बहुतेक पाणी प्यायल्या असाव्यात, ह्याचा आलेख मी आजही काढून दाखवू शकतो. आवाज मात्र एका श्वासाइतकाही नाही. तो ज्या फोल्डरमध्ये होता ते फोल्डर जुन्या लॅपटॉपवर राहिलं, आणि लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला होता. नुसतं फोल्डर हाती लागलं असतं तरी चाललं असतं, तुकडे वेळेच्या क्रमाने लावून बरंचसं परत जुळवता येतं. यादीवरून सामान मात्र तयार करता येत नाही.

२०२१ नंतर ऑडॅसिटीने सगळं एकाच एयूपी३ फाइलमध्ये कोंबलं (आत चक्क एसक्यूलाइटचा डेटाबेस आहे), त्यामुळे ही विशिष्ट दुर्घटना आता नव्याने घडणार नाही. पण त्याआधीच्या वीस वर्षांतल्या किती घरांत, किती डब्यांत अशा चिठ्ठ्या पडून असतील? तुमच्याकडे जुना प्रोजेक्ट असेल आणि त्याचं डेटा फोल्डर शाबूत असेल, तर ह्याच रविवारी तो नव्या आवृत्तीत उघडा आणि वेव्ह फाइल काढून ठेवा. हा लेख नंतर वाचला तरी चालेल.

ओव्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमा केल्या. त्यांतल्या कित्येकींचे आवाज बर्नार्ड बेल ह्या अभ्यासकाने नव्वदच्या दशकात रेकॉर्ड केले. ते आवाज २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने, म्हणजे "पारी"ने, ओव्यांच्या मजकुरासकट लोकांसमोर ठेवले. रेकॉर्डिंग आणि प्रसिद्धी ह्यांत वीस वर्षं गेली. मधल्या काळात टेप, सीडी, हार्ड डिस्क असं सगळं बदलून गेलं, तरी आवाज टिकला, कारण कोणीतरी मूळ प्रत मूळ प्रत म्हणून सांभाळली. आपल्या घरच्या रेकॉर्डिंगला एवढं मोठं कोणी पाठीशी नसतं, आपणच असतो.

आता दुसरा किस्सा. हा मला स्वतःला फार आवडतो, कारण ह्यात शेवट गोड आहे :-)

ऑफिसातल्या एका मित्राचे वडील भीमगीतांचं मंडळ चालवतात. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ह्या वेळी "क्लीन" हवं म्हणून त्यांनी साउंडवाल्याला सांगून थेट मिक्सरमधून वायर काढली आणि ती छोट्या रेकॉर्डरच्या स्टीरिओ इनपुटला जोडली. घरी येऊन इअरफोनवर ऐकलं, झकास. मग फाइल लहान व्हावी म्हणून मोनो एमपीथ्री केली आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकली. पंधरा मिनिटांत फोनवर फोन. फाइल रिकामी! पूर्ण अडीच तासांची फाइल, आत फक्त बारीकशी खरखर. परत एक्स्पोर्ट केलं, तेच. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, तेच. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर केलं, तरी तेच. काका मला म्हणाले, "मले तर भुताटकी वाटून राहिली. इअरफोनमध्ये पूर्ण गाणं हाय, एक्स्पोर्ट केलं का गायब!"

भुताटकी नव्हती. मिक्सरच्या ज्या आउटपुटला बॅलन्स्ड म्हणतात, त्यात एकच आवाज दोन तारांवरून जातो, एकीवर सरळ आणि दुसरीवर बरोब्बर उलटा. लांब वायरमध्ये शिरलेली घरघर शेवटी वजा करता यावी म्हणून ही सोय. पण अशी वायर साध्या स्टीरिओ इनपुटला जोडली की सरळ आवाज डाव्या कानात आणि उलटा उजव्या कानात रेकॉर्ड होतो. इअरफोनवर दोन्ही कान वेगळे, त्यामुळे गाणं ऐकू येतं (जरा विचित्र येतं, डोक्याच्या मागून आल्यासारखं, पण येतं). मोनो करताना सॉफ्टवेअर डावं आणि उजवं मिळवतं. पाच अधिक उणे पाच, शून्य. सॉफ्टवेअरने अगदी बरोबर गणित केलं होतं!

स्क्रीनवर झूम करून बघितलं तर दोन्ही लहरी एकमेकींची आरशातली प्रतिमा. स्टीरिओ ट्रॅकचे दोन भाग केले, त्यातला एक उडवून दिला, दुसरा एक्स्पोर्ट केला. संपला प्रश्न. काकांनी त्या दिवशी मला जे सावजी मटण खाऊ घातलं त्याचं वर्णन इथे करत नाही, रविवार सकाळ आहे, तुम्हाला त्रास होईल.

पण विचार करा, हीच फाइल त्यांनी कोणाला पाठवली नसती, आणि मूळ रेकॉर्डिंग कार्डवरून पुसून टाकलं असतं तर? "एक्स्पोर्ट झालंय की, फाइल दिसतेय की" म्हणून? रेडिओवाल्यांना ही भानगड पाठ असते. आकाशवाणी नागपूर १९४८ साली सुरू झालं. मीडियम वेव्हचा रेडिओ ऐकणाऱ्याकडे एकच स्पीकर, म्हणून मोनो करून ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही ही त्या क्षेत्रातली जुनी शिस्त. आपण मात्र स्टीरिओ इअरफोनवर ऐकतो आणि जग ते एका फोनच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकणार आहे हे विसरतो.

"आवाज फाटतो" ही तक्रार थोडी निराळी. इथे दोन अगदी वेगळे आजार एकाच लक्षणाने येतात. आपल्या मारबतीची मिरवणूक फोनवर रेकॉर्ड करून बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीच्या गल्लीत ढोलताशा आणि हजारो माणसं, फोनचा माइक बिचारा काय करणार. लहरींचे शेंडे रेकॉर्डिंगच्या वेळीच कापले जातात. स्क्रीनवर डोंगर दिसायच्या ऐवजी पठार दिसतं. हा आवाज गेला तो गेला. त्यावर कोणताही इफेक्ट लावा, तो अंदाजाने शेंडे रंगवतो, मूळचे परत आणत नाही.

दुसरा आजार बरा होणारा आहे. ऑडॅसिटी आतमध्ये ३२ बिट फ्लोटमध्ये काम करतं. त्यात कमाल मर्यादेच्या वर गेलेला आवाजही आकड्यात शाबूत राहतो, जणू भांड्याच्या काठावरून वर आलेलं दूध अजून सांडलेलं नाही. तुम्ही खंजिरीचं भजन घेतलं, त्यात बास वाढवला, गायकाचा आवाज वाढवला, दोन ट्रॅक एकत्र केले, बेरीज मर्यादेच्या वर गेली. प्रोजेक्टमध्ये अजून काही बिघडलेलं नाही. मग १६ बिटच्या वेव्हमध्ये एक्स्पोर्ट केलं, तिथे काठाच्या वर जागाच नाही, सांडलं. खंजिरीच्या प्रत्येक थापेला चर्रर्र. उपाय एवढाच, की एक्स्पोर्टच्या आधी सगळ्याचा आवाज मिळून थोडा खाली आणायचा. प्रोजेक्ट हातात असेल तर दोन मिनिटांचं काम. प्रोजेक्ट उडवून फक्त ती फाटकी वेव्ह ठेवली असेल तर हा आजारही पहिल्यासारखाच होतो, कायमचा.

आता एमपीथ्री. हा फॉरमॅट फार हुशारीने बनवलाय ह्यात वाद नाही. माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही ते फेकून द्यायचं आणि फाइल लहान करायची. पूर्वी ऑडॅसिटीतून एमपीथ्री काढायची म्हणजे "लेम" नावाची लायब्ररी वेगळी आणून बसवावी लागायची. पेटंटच्या भानगडीमुळे ती सॉफ्टवेअरसोबत देता येत नव्हती. एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला आणि २०१९ पासून लेम ऑडॅसिटीच्या सोबतच यायला लागलं. म्हणजे "लेम सापडत नाही" ही त्या काळातली प्रसिद्ध चौकट आता इतिहासजमा. (फोनच्या एमफोरए फाइलींसाठी एफएफएमपेग अजूनही वेगळं टाकावं लागतं. निम्मे लोक इथेच अडकतात.)

पण सोय वाढली तशी सवय बिघडली. लोकांना वाटतं एमपीथ्री म्हणजेच गाणं. एमपीथ्री उघडायची, थोडं कापायचं, परत एमपीथ्री करायची, परत उघडायची. दर वेळी थोडं थोडं फेकलं जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. रियाझासाठी तबल्याचा ठेका लूप करणाऱ्यांना ह्याचा एक वेगळाच चटका बसतो. त्रितालाचं एक आवर्तन अगदी मापात कापलं, एमपीथ्री केलं, प्लेयरमध्ये रिपीटवर लावलं, तर दर समेला बारीक ठेच. कापण्यात काही चुकलेलं नसतं. एमपीथ्री आवाजाचे ११५२ सॅम्पलचे ठरावीक डबे बनवते, शेवटचा डबा भरला नाही तर शांततेने भरते, आणि सुरुवातीलाही थोडी शांतता घालते. मिळून काही शतांश सेकंदच, पण विलंबित लयीत नसेल तर कानाला लगेच कळतं. वेव्ह किंवा फ्लॅक वापरा, ठेच नाहीशी.

व्हॉट्सॲपबद्दल एकच वाक्य: रेकॉर्डिंग महत्त्वाचं असेल तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि "ग्रुपवर आहे ना" ह्याला बॅकअप म्हणू नका.

सगळ्यात मजेदार एक्स्पोर्ट मात्र झाडीपट्टीचं. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया ह्या भागात दिवाळीनंतर नाटकांचा जो हंगाम सुरू होतो तो बघितल्याशिवाय मराठी रंगभूमी बघितली असं म्हणू नये. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं केंद्र. तिथल्या परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या पेपरांना झाडीपट्टी जरा दिसली. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. गाणी, विनोद, प्रेक्षकांच्या शिट्ट्या, सगळं जिवंत. आमच्यातला एक हौशी पोट्टा तिकडे रेकॉर्डर घेऊन गेला. सात तासांचं रेकॉर्डिंग, ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ, १६ बिट. रेकॉर्डरने शहाण्यासारखे तुकडे करून ठेवले होते. ह्याने ते सगळे जोडले आणि कुठल्याशा प्रोग्रॅममधून एकच वेव्ह फाइल एक्स्पोर्ट केली. प्लेयरमध्ये उघडली तर लांबी ४७ मिनिटं.

मला हा आकडा बघून आनंदच झाला, कारण तो आकडाच उत्तर सांगत होता. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचीच जागा असते. म्हणजे जास्तीत जास्त ४ जीबी, नेमकं सांगायचं तर ४,२९,४९,६७,२९६ बाइट. सेकंदाला १,९२,००० बाइट ह्या हिशेबाने सहा तास बारा मिनिटांत ही जागा संपते. त्यापुढे स्कूटरच्या जुन्या मीटरसारखं परत शून्यापासून सुरू. सात तासांतून सहा तास बारा मिनिटं गेली, राहिली ४७ आणि वर थोडे सेकंद. आवाज सगळा डिस्कवर होता. फाइलच्या कपाळावर लिहिलेला आकडा चुकीचा होता, आणि प्लेयर कपाळ वाचून थांबत होता. काही प्रोग्रॅम अशा वेळी सरळ नकार देतात, ते बरे.

फ्लॅकमध्ये काढलं, पूर्ण सात तास निघाले. फ्लॅकमध्ये काहीही फेकलं जात नाही, नुसतं घडी घालून ठेवलं जातं, उघडलं की जसंच्या तसं.

आता इथे हमखास येणारा आक्षेप. "एवढं कोण करत बसतं यार? फोनवर रेकॉर्ड करायचं, बटण दाबायचं, एआयने साफ करायचं, झालं." फोनवर रेकॉर्ड करायला माझी अजिबात ना नाही. हातात असलेला फोन हा घरी राहिलेल्या महागड्या रेकॉर्डरपेक्षा कधीही चांगला. पण "एआयने साफ करायचं" ह्याला माझा ठाम विरोध आहे, निदान मूळ प्रतीवर तरी. बोलणं साफ करणारी ही साधनं माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळ्याला कचरा समजतात. खंजिरी कचरा, जात्याची घरघर कचरा, झाडीपट्टीतली शिट्टी कचरा. मे महिन्यात नागपुरात रेकॉर्डिंग केलं तर मागे कूलरचा आवाज येणारच. पंचेचाळीस डिग्रीत आजीला कूलर बंद करून बसवणारा माणूस राक्षस असला पाहिजे. तो कूलर काढायच्या नादात आजीच्या आवाजाचं पत्र्याच्या डब्यातलं भूत झालेलं मी ऐकलंय. कूलर असू द्या. तीस वर्षांनी ऐकणाऱ्याला त्या कूलरचंही कौतुक वाटेल. साफ प्रत हवी तर वेगळी काढा, नाव वेगळं द्या, मूळ फाइलला हात लावू नका.

आणि थोडा दोष आम्हा सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचाही आहे, तो मान्य केला पाहिजे. एक्स्पोर्टच्या चौकटीत आम्ही काय विचारतो? बिट रेट किती, सॅम्पल रेट किती, जॉइंट स्टीरिओ की साधा. अडीच तास भीमगीतं म्हटलेल्या माणसाला ह्यातलं काय कळणार, आणि का कळावं? त्याला विचारायला हवं की हे कोणाला पाठवायचंय, की जपून ठेवायचंय? आणि काम झाल्यावर नुसतं "पूर्ण" असं न म्हणता सांगायला हवं: बाबा, प्रोजेक्ट सात तासांचा होता आणि फाइल ४७ मिनिटांची झाली. किंवा, प्रोजेक्टमध्ये आवाज होता आणि फाइलमध्ये जवळजवळ शांतता आहे, एकदा ऐकून बघ. बनवलेली फाइल परत वाचून मूळाशी ताडून बघणं हे काही रॉकेट सोडणं नाही. आम्ही ऑफिसात रोज डेटाबेसच्या बॅकअपसाठी तेच करतो. एका ओळीचा बदल प्रॉडक्शनला टाकायचा तर तीन जणांच्या सह्या लागतात, आणि मावशींच्या सासूबाईंच्या ४१ मिनिटांसाठी कोणी एक प्रश्नही विचारत नाही. जिथे सूचना येतात तिथेही "हे पुन्हा दाखवू नका" असा चौकोन आम्हीच देऊन ठेवलेला असतो, आणि पहिल्याच दिवशी सगळे त्यावर टिक करतात.

तोवर मी आपलं हाताने करतो. रेकॉर्डरमधून फाइल आली की कात्री लावायच्या आधी एक प्रत जशीच्या तशी वेगळ्या डिस्कवर. एडिटिंग झालं की आधी फ्लॅक, मग त्या फ्लॅकमधून वाटायची एमपीथ्री. एक्स्पोर्ट झालेली फाइल एडिटरमध्ये ऐकायची नाही, फोनच्या स्पीकरवर ऐकायची, सुरुवात, मध्य आणि शेवटचा मिनिट. लांबी मूळाशी जुळते का बघायची. सगळं मिळून दहा मिनिटं जातात, तेवढ्यात चहा होतो.

भीमगीतवाल्या काकांनी पुढच्या कार्यक्रमासाठी सीताबर्डीतून बरोबर केबल आणलीय. मला फोटो पाठवला आणि खाली विचारलंय, "ह्याच्यात तर उलटा आवाज नाही ना येणार?" नाही येणार. पण मिक्सरवाल्याला सांगा काका, लेव्हल थोडी खालीच ठेव म्हणावं.